बडग्यांचा दिवस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात एकीकडे पोरं लाकडी बैल सजवतात आणि दुसरीकडे जुन्या शहरातून मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबूच्या कामट्या, कागद आणि रंग यांतून उभ्या राहिलेल्या या भव्य स्त्री-प्रतिमा. इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या नागपूरच्या राणी बाकाबाई भोसले यांच्यावरचा राग काळ्या मारबतीत उतरला, असं शहरात सांगतात.

खरी गंमत मात्र बडग्यांची! महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, कोरोना: त्या वर्षी लोकांना जे छळतं, त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. गळ्यात पाटी, पाटीवर झणझणीत मजकूर, पुढे ढोलताशे. वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र इथे माणसाहून उंच होऊन रस्त्यावर चालतं. सामान्य माणसाने स्वतः घडवलेली इतकी रोखठोक लोककला क्वचितच पाहायला मिळते.

इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबती समोरासमोर येतात, तेव्हा गर्दीला उधाण येतं. इडापिडा, रोगराई घेऊन जाण्याचं साकडं घातलं जातं आणि शेवटी दहन होतं.

पुतळे जळून जातात, म्हणून पाट्यांवरचा मजकूर तरी दरवर्षी कुणीतरी नीट टिपून ठेवायला हवा.