आत्मसंरक्षण आणि शस्त्र

मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. रात्री दुकान बंद करून दिवसाची विक्री घरी नेणाऱ्या व्यापाऱ्यास आपल्या कमरेला पिस्तूल असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. त्याची भीती खरी आहे. परंतु शस्त्र हा त्या भीतीवरचा उपाय आहे काय?

हा वाद जुना आहे. इंग्रजांनी 1878च्या कायद्याने जनतेच्या हातचे शस्त्र काढून घेतले. त्यामुळेच 1931च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत मानला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तीच मागणी केली, तेव्हा गुन्हेगारही या हक्कावर बोट ठेवतील हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. अमेरिकेने 1791 सालीच हा हक्क घटनेत घातला. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत पिस्तूल लपवून फिरण्यास परवानाही लागत नाही.

आपल्याकडे 1959च्या कायद्यान्वये विनापरवाना पिस्तूल बाळगणे हा गुन्हा असून, 2019च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालील मनाई हुकुमाने तर काठ्यालाठ्यांवरही बंदी घालता येते.

तथापि कायद्याने नागरिकास असहाय सोडलेले नाही. आत्मसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि तो पिस्तुलावर अवलंबून नाही. मात्र पोलिसांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर तो उरत नाही, आणि गरजेहून अधिक इजा त्यात बसत नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून शस्त्रपरवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात व त्यावर अपील करता येते. या गोष्टी किती जणांना ठाऊक असतात?

परवान्याची वाट लांब वाटली, की आडवाट जवळची वाटू लागते. चोपड्यालगत सीमेपलीकडील उमर्टी परिसरातून येणारे गावठी कट्टे पोलिसांनी वारंवार पकडले आहेत. असा कट्टा घेणारा स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून घेतो आणि दरोडेखोर येण्यापूर्वीच स्वतः आरोपी होऊन बसतो.

शासनाने नागरिकाच्या हातचे शस्त्र काढून घेतले, तेव्हा त्याच्या रक्षणाचा भारही आपल्या शिरावर घेतला. महामार्गावरची रात्रीची गस्त आणि हाकेला धावणारे पोलीस ठाणे ही उपकाराची बाब नव्हे. नागरिकाने कट्ट्याकडे पाठ फिरवावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ती करण्याचा अधिकार आपला शब्द पाळणाऱ्या शासनालाच पोहोचतो.