लाखाची गोष्ट आणि कोयत्याची उचल

विनोदी बोलपट आपण पाहतो, पोटभर हसतो आणि घरी येऊन विसरतो. पण काही विनोद घरापर्यंत आपल्या मागे येतात. असे दोन बोलपट आम्ही आज आपल्यापुढे ठेवतो. दोहोंचा विषय एकच : गरिबाच्या हाती एकाएकी येणारा पैसा.

पहिला फ्रान्सचा. रने क्लेर यांचा ‘ल मिलियाँ’ १९३१ साली निघाला. त्यातल्या चित्रकाराच्या मागे उधारीवाल्यांचा ससेमिरा असतो. त्याला सोडत लागल्याचे कळते आणि तेच उधारीवाले त्याचा जयजयकार करू लागतात. तिकीट मात्र कोटाच्या खिशात, आणि कोट गेलेला दुसऱ्याच्या हाती! माणूस तोच, बदलते ती लोकांची नजर.

दुसरा आपल्या मराठीतला, १९५२ सालचा ‘लाखाची गोष्ट’. दिग्दर्शन राजा परांजपे यांचे, पटकथा ग. दि. माडगूळकरांची. येथे श्रीमंत बाप निर्धन कलावंताला एक लाख रुपये देतो आणि अट घालतो की ते महिन्याभरात खर्च करून दाखव. त्यातून उडणारी त्रेधा पाहून आपण हसतो. पण अटीच्या तळाशी काय आहे? ‘गरिबाला पैसा मिळवता तर येत नाहीच, खर्चताही येत नाही,’ हा धनिकाचा समज. विशेष असे की नायकाचे काम करणारे राजा गोसावी त्या वेळी पुण्याच्या ‘भानुविलास’ चित्रपटगृहात तिकिटे विकत असत. पडद्यावर लाख उधळणारा माणूस खिडकीत बसून आपल्याच खेळाची तिकिटे फाडून देत होता!

हाच समज आपल्या पाटोद्यातही कानी पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड्याच्या घरी मुकादमाची उचल येते. लग्न उरकते, दवाखान्याचे देणे फिटते. मग पारावर कोणी म्हणतो, ‘यांच्या हाती पैसा टिकतच नाही.’ पण उचल म्हणजे मिळकत नव्हे. ती पुढच्या घामावर काढलेली उसनवारी. नवराबायको मिळून एक कोयता. दोघांनी कारखान्याच्या फडावर ऊस तोडून ती फेडायची, न फिटली तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर.

बोलपटातला लाख खर्चला की खेळ संपतो. उचल खर्चली की खेळ सुरू होतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच की गरिबाच्या खर्चाला हसण्यापूर्वी तो पैसा कोणत्या अटीवर आला, हे आधी विचारावे.