श्वानांचे वाळवण

गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या वस्तीचा दिवस उगवत असे आणि मावळतही असे, त्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यात काटकसर हा घरखर्चाचा पहिला नियम होऊन बसला, यात नवल नाही. शेजारची हुकूमचंद गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याची २२४ कोटी रुपयांची रक्कम सुपूर्द होण्यास २५ डिसेंबर २०२३ हा दिवस उजाडावा लागला. इतक्या दीर्घ काळाची ओढाताण ज्या घरांनी सोसली, त्यांना कुत्र्याच्या खाऊच्या रंगीत पाकिटावर दरमहा पैसे घालणे सहजासहजी मान्य होत नाही, आणि व्हावे असेही मला वाटत नाही. कुत्री मात्र या वस्तीत आहेतच : कोणी दाराशी साखळीला, कोणी गच्चीवर राखणीस, तर कोणी गल्लीत, कोणाचीच नसून सर्वांची. त्यांच्या वाट्यास येतात ते न्याहारीचे उरलेले पोहे, वरची शेव, त्यावर भुरभुरलेले जिरावण आणि कोणी उदार असेल तर जिलबीचा तुकडा. या दातृत्वात माया पुष्कळ असते, विवेक बेताचाच. ज्या गच्चीवर चैत्रात कुरडया आणि सांडगे वाळतात, तेथेच एका ताटात रताळ्याच्या व गाजराच्या चकत्या घातल्या, तर अत्यल्प खर्चात कुत्र्यासाठी निर्भेळ खाऊ तयार होतो. त्याची रीत आणि त्याच्या मर्यादा सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

कुत्र्याच्या खाण्यावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न ज्या वाचकाच्या मनात उद्भवेल, त्याने निदान इंदुरात तरी तो विचारू नये. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि त्या दैवताच्या परिवारात अश्वाबरोबर श्वानासही मान आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली आणि कारभाराच्या निमित्ताने दक्षिणेतील मराठी घराणी येथे स्थिरावली, तेव्हा खंडोबाची तळी भरण्याचा कुलाचारही येथे रुजला. रायगडावरचे वाघ्या कुत्र्याचे स्मारकही तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून १९३६ साली उभे राहिले असे सांगतात. त्या कथेस इतिहासाचा आधार कितपत, हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो मिटविण्याचे हे स्थळ नव्हे.

श्वान मांसाहारी, त्याला भाजीपाल्याशी काय कर्तव्य, हा आक्षेप मात्र विचारात घेण्यासारखा आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवून दिले, की पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात केवळ दोन प्रती असतात, तर कुत्र्यात त्या चारपासून तिसापर्यंत आढळतात. अर्थात मानवाच्या उंबऱ्याशी सहस्रावधी वर्षे बसून श्वानाने मानवाची भाकरही पचविण्याची शक्ती संपादन केली आहे. गाजरातील व लाल भोपळ्यातील पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून तो आपल्या शरीरात अ जीवनसत्त्वही तयार करू शकतो, जे मांजरास साधत नाही. पाकिटातील कुत्र्यांच्या बिस्किटांचा आद्य प्रवर्तक जेम्स स्प्रॅट हा मूळचा अमेरिकन; त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात इंग्लंडात जी बिस्किटे विक्रीस काढली, त्यांत गहू आणि मांस यांच्याबरोबर बीट व इतर भाज्याही होत्या. म्हणजे भाजी हा श्वानाच्या खाऊतला कोणी काल आलेला पाहुणा नाही. भाजीवरच कुत्र्याने जगावे, असा निष्कर्ष मात्र यातून कोणी काढू नये. त्याच्या मुख्य अन्नात उत्तम प्रथिने असलीच पाहिजेत, आणि येथे विचार आहे तो केवळ वरखाऊचा.

पाकिटाविषयी आणखी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००७ पासून सुकविलेल्या मांसाच्या, मुख्यतः चीनमधून आलेल्या, खाऊमुळे कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या, आणि २०१४ च्या मध्यापर्यंत त्यांत एक हजाराहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूची नोंद झाली होती. त्या वेळेपर्यंत पुष्कळ तपासण्या होऊनही नेमके कारण निश्चित झाले नव्हते. या दाखल्यावरून प्रत्येक कारखानदारास गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या वस्तूत काय घातले आहे हे आपल्याला स्वतः ठाऊक आहे, तिच्यावर विश्वास ठेवणे अधिक सोपे, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता जिन्नसांकडे वळू. माझ्या मते पहिला मान रताळ्याचा. वाळल्यावर त्याची चकती चिवट होते, कुत्रा ती बराच वेळ चघळतो, आणि महाशिवरात्रीच्या उपवासाकरिता रताळी बाजारात मुबलक येतात त्याच सुमारास माळव्याचे ऊन वाळवणाच्या लायकीचे होऊ लागते. दुसरे गाजर, तिसरा लाल भोपळा, आणि त्यामागून फरसबीच्या शेंगा. दुधी चालतो, मात्र चिरण्यापूर्वी कच्चा तुकडा स्वतः जिभेवर ठेवून पाहावा आणि किंचितही कडू लागल्यास तो सबंध फेकून द्यावा; कडू दुधी मनुष्यासही घातक आहे. बीट आणि पालक यांत ऑक्झलेट अधिक असल्यामुळे मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्यास ते देऊ नयेत. सराफा बाजारात हिवाळ्यात तळून मिळणारा गराडू हा कंद आपल्यास कितीही प्रिय असो, कुत्र्याच्या ताटात त्याला मज्जाव असावा. मालवा मिलच्या भाजीबाजारात संध्याकाळी उशिरा गेल्यास किंचित सुकलेली, वाकडीतिकडी गाजरे कमी भावात मिळून जातात, आणि वाळवणासाठी त्यांचे रूप कोण पाहतो? सडका भाग अथवा बुरशी दिसली तर मात्र स्वस्ताईचा मोह आवरावा.

जमाखर्च असा. गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी असते. त्यामुळे एक किलो गाजरे वाळल्यावर १२० ते १३० ग्रॅम माल हाती येतो. रताळ्यात पाणी ७७ टक्क्यांच्या आसपास, म्हणून साल काढूनही किलोमागे २२५ ते २५० ग्रॅम उरतात. गाजराचा भाव किलोस तीस रुपये धरला, तर वाळलेला ग्रॅम पंचवीस पैशांस पडतो, आणि ऊन फुकट.

रीत साधी आहे. निष्ठेने पाळली मात्र पाहिजे. भाजी स्वच्छ धुऊन तिच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या, एकसारख्या चकत्या कराव्यात. जाडी कमीजास्त झाली तर पातळ चकती करपते आणि जाड चकती आतून ओली राहून तेथे बुरशी शिरते. गाजर व फरसबी उकळत्या पाण्यात सुमारे तीन मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात काढावीत, म्हणजे भाजीतील विकरे निष्प्रभ होऊन रंग टिकतो आणि पृष्ठभागावरील जंतूंचाही बऱ्याच अंशी नाश होतो. रताळे व भोपळा वाफेवर अर्धवट शिजवून घ्यावा. यानंतर मीठ नाही, तेल नाही, हळद-तिखट नाही. सांडग्यांच्या सवयीने हात डब्याकडे जातो, त्याला तेथेच आवरावे लागते. धुतलेल्या पांढऱ्या कापडावर अथवा जाळीवर चकत्या एकमेकींस न चिकटतील अशा मांडाव्यात, वरून मलमल ताणून बांधावी, कारण रहदारीच्या वस्तीतली धूळ आणि माशा या दोघींपासून त्यांचे रक्षण करावयाचे आहे, आणि दुपारी एकदा त्या उलटाव्यात.

उन्हाळी वाळवणास तापमान निदान तीस अंश आणि हवेतील आर्द्रता साठ टक्क्यांखाली असावी लागते. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथील दिवस तापला तरी रात्र निवते, आणि म्हणूनच सूर्यास्तापूर्वी ताटे घरात घेण्यास विसरू नये, नाहीतर दिवसा उडालेले पाणी रात्रीच्या गारव्यात पुन्हा परत येते. पौषात गाजर स्वस्त असते, परंतु ऊन कोवळे. फाल्गुनात ऊन चढते आणि गाजराचा हंगाम अद्याप संपलेला नसतो. हा मधला काळ साधणे यातच गृहिणीचे चातुर्य आहे. पौषातच काम उरकावयाचे असल्यास घरातील ओव्हन साठ अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून, सहा ते दहा तास चालविता येतो. मात्र विजेचे बिल मग जमाखर्चात मांडावे. आषाढ-श्रावणात हा उद्योग सर्वस्वी वर्ज्य.

कडक उन्हात तीन-चार दिवसांत गाजर खुळखुळू लागते आणि रताळे चामड्यासारखे वाकते, पण दाबले असता ओलसर लागत नाही. उघड्यावर वाळविलेल्या मालात किड्यांची अंडी असण्याचा संभव असतो, यास्तव शेवटी अर्धा तास सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा अठ्ठेचाळीस तास फ्रीजरच्या कडक थंडीत तो ठेवावा. नंतर काचेच्या बरणीत सैल भरून आठवडाभर रोज हलवावा. बरणीच्या आतल्या अंगास दव दिसले, तर पुन्हा उन्हात. एवढे केल्यावर कोरड्या जागी दोन-तीन महिने हा खाऊ टिकतो, आणि बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सबंध बरणी टाकून द्यावी. त्यात हळहळ कसली?

प्रमाणाविषयी लोक सर्वाधिक गाफील असतात. पशुवैद्यकात सर्वमान्य असलेला दंडक असा, की वरखाऊचा वाटा दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. दहा किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यास दिवसास साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. त्याचा दशांश झाला ६३, आणि वाळलेल्या रताळ्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३४० किलोकॅलरी असल्यामुळे त्याचा दिवसाचा हक्क अठरा ग्रॅमवर संपतो. भाजीतून पाणी जाते, शर्करा जात नाही, हे विसरून मूठमूठ खाऊ घालणाऱ्या प्रेमळ घरांतील श्वान स्थूल होतात. मधुमेही कुत्र्यास तर पशुवैद्याच्या संमतीवाचून रताळे देऊच नये. अधाशीपणे गिळणाऱ्या कुत्र्यास लहान तुकडे द्यावेत, वृद्ध आणि दंतहीनास ते कोमट पाण्यात भिजवून द्यावेत, आणि दोघांजवळही पाण्याचे भांडे भरलेले असावे. प्रथम एकच तुकडा देऊन दोन दिवस त्याच्या शौचाकडे लक्ष ठेवावे. शंका असल्यास महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदूरकरास ते फार दूर नाही.

निषिद्ध वस्तूंची यादी प्रत्येक घरी तोंडपाठ असावी. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि वाळविलेला कांदा अथवा त्याची पूड ताज्याहून अधिक तीव्र असते. कांदा घातलेल्या पोह्यांच्या प्लेटमधला उरलेला घास गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकण्याच्या चालीस माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी. बटाट्याचे हिरवे भाग आणि टोमॅटोचा पाला नको. भुट्ट्याचे दाणे निघाल्यावर उरलेला गाभा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी आणतो. गल्लीतील कुत्र्यांना वाळवण द्यावयाचे असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार महानगरपालिकेने नेमलेल्या जागीच द्यावे, आणि खाली सांडलेले उचलून आणावे. स्वच्छतेत २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले येणाऱ्या शहरात हे वेगळे सांगण्याचे कारण पडू नये.

रताळ्याचे ऊन येण्यास अजून चार महिने आहेत, फराळाचे डबे मात्र आज उघडे आहेत. लाडवांतील बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि चॉकलेटमधील थिओब्रोमीन त्याच्या हृदयावर आघात करते. तेव्हा ते डबे आधी उंच फळीवर ठेवावेत, आणि चुकून काही खाल्लेच तर घरगुती उपाय करीत न बसता तडक पशुवैद्याकडे न्यावे, एवढी विनंती.