एक फाइल, एक कमांड, जेनकिन्स हजर!

सन मायक्रोसिस्टिम्समधले जपानी प्रोग्रॅमर कोहसुके कावागुची एका गोष्टीला वैतागले होते: आपल्या कोडमुळे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवण्याचं काम, तुटलं, हे सहकाऱ्यांकडून कळायचं. म्हणून २००४ मध्ये त्यांनी कोड सतत तपासत राहणारा सर्व्हर लिहायला घेतला. नाव ठेवलं हडसन. पुढे ओरॅकलनं सन विकत घेतली, नावाच्या हक्कावरून वाजलं आणि जानेवारी २०११ मध्ये मतदान झालं. नाव बदला म्हणणारे २१४, नको म्हणणारे १४! तोच हा जेनकिन्स, बो-टाय लावलेला बटलर.

लिनक्सवर तो चालू करणं किती सोपं? मशीनवर जावा हवं आणि जेनकिन्सची एक वॉर फाइल. 'जावा, डॅश जार, जेनकिन्स डॉट वॉर' एवढी कमांड दिली की झालं. वेगळा वेब सर्व्हर लागत नाही, जेटी नावाचा सर्व्हर त्याच्या पोटातच असतो. ही साधेपणाची हौस मला फार आवडते. डेबियन किंवा रेड हॅटचं पॅकेज घेतलंत तर 'जेनकिन्स' नावाचा वेगळा युजर तयार होतो आणि तो चालू ठेवायची जबाबदारी लिनक्सचं सिस्टिमडी घेतं.

जेनकिन्सचा पोर्ट ८०८०. लिनक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट एरवी रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी युजरसाठी, राखीव असतात. जेनकिन्स साध्या युजरच्या हक्कानं चालतो, म्हणून वेबच्या नेहमीच्या ८० च्या वाटेला तो जात नाही.

पहिल्यांदा ब्राउझर उघडलात की तो पासवर्ड मागतो. ३२ अक्षरांचा हा पासवर्ड त्यानंच सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो. ती वाचता आली, म्हणजे मशीन तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं. नेटवर सहज फिरकलेल्या माणसाला दार बंद!

आता माझी सगळ्यात लाडकी युक्ती. बिल्डची वेळ ठरवायला लिनक्सच्या क्रॉन या वेळापत्रकासारखेच पाच रकाने असतात. सगळ्यांनी रात्री १२ लिहिलं, तर ठोक्याला शेकडो बिल्ड एकदम उसळतील आणि सर्व्हर गुदमरेल. म्हणून जेनकिन्सनं एक जादा अक्षर दिलं: एच. ते आकड्याच्या जागी टाकलं की जॉबच्या, म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या, नावावरून एक ठरावीक मिनिट निघतं. एका जॉबला सातवं, दुसऱ्याला एकेचाळिसावं. रोज तेच मिनिट, म्हणून अंदाजही चुकत नाही. गर्दी पांगवायला एक अक्षर पुरलं!

प्रत्येक जॉबचं हवामानही दिसतं. शेवटचे पाच बिल्ड नीट झाले तर ऊन, सगळे पडले तर विजांचं वादळ.

आणि यशस्वी बिल्डपुढे दिसणारा गोळा कित्येक वर्षं निळा होता. कावागुची जपानचे, तिकडे सिग्नलचा पुढे जायचा दिवा निळाच मानतात. ज्यांना हिरवाच हवा होता, त्यांच्यासाठी 'ग्रीन बॉल्स' नावाचं खास प्लगइन निघालं. ते खूप लोकांनी बसवलं!