कॉल पोचवण्याचे पैसे

गोंदियाच्या बाजारातला एक धानव्यापारी सालेकसा तालुक्यात, दरेकसा इथे राहणाऱ्या शेतकऱ्याला फोन लावतो. व्यापाऱ्याचं सिमकार्ड एका कंपनीचं, शेतकऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं. रिचार्जचे पैसे मिळाले पहिल्या कंपनीला. पण कॉल शेतकऱ्याच्या कानापर्यंत पोचवला तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरनं. त्या टॉवरची वीज, डिझेल, जागेचं भाडं, यंत्रांची झीज यांतला काही वाटा पहिल्या कंपनीनं दुसरीला द्यायला हवा की नको? आणि द्यायचा तर किती?

दोघींनी आपसात ठरवावं, असं म्हणता येईल. पण त्या शेतकऱ्याच्या नंबरापर्यंत जाणारा रस्ता एकच आहे. बाजारात दहा कंपन्या असल्या तरी त्या एका नंबरापुरती त्याची कंपनी मक्तेदारच असते. ती मागेल तेवढे पैसे द्या, नाहीतर कॉल लागणार नाही, अशी स्थिती. म्हणून हा दर बाहेरच्या कुणीतरी ठरवावा लागतो. आपल्याकडे हे काम १९९७ साली स्थापन झालेलं भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, करतं. या दराला टर्मिनेशन चार्ज म्हणतात. १ मे २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले. फोन घेणारा काहीच देत नाही म्हटल्यावर कॉल पोचवण्याचा खर्च फोन करणाऱ्याच्या कंपनीकडून वसूल करणं ओघानंच आलं.

आता खर्च मोजायचा कसा? कंपनीच्या हिशेबाच्या वह्या मागवता येतात. पण वह्या दाखवणाऱ्याला खर्च जास्त दिसलेलाच हवा असतो, हा एक भाग. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. वह्यांमधला खर्च कालचा असतो. वीस वर्षांपूर्वी महागडं एक्सचेंज बसवलं आणि आज तेच काम त्याच्या अंशभर किमतीत होत असेल, तर जुन्या खरेदीचा भार आजच्या ग्राहकानं का वाहावा? म्हणून अनेक देशांतले नियामक वह्या केवळ पडताळणीसाठी ठेवतात आणि कागदावर एक काल्पनिक जाळं उभारतात. आजचं तंत्रज्ञान, आजच्या किमती, काटकसरीनं चालवणारा चालक, असं धरून हे जाळं किती खर्चाचं होईल याचं प्रारूप ते तयार करतात. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानंतर हा मार्ग धरला गेला. त्यावर मोठा खटला झाला आणि २००२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत ग्राह्य ठरवली.

हे काल्पनिक जाळं कसं उभं राहतं ते आपण करूनच पाहू. आकडे आम्ही मुद्दाम सोपे आणि कल्पित घेतले आहेत.

गोंदिया शहरातला एक टॉवर वर्षाला ६० लाख मिनिटांचं बोलणं वाहतो असं समजा. म्हणजे दिवसाला सुमारे १६,४०० मिनिटं. पण टॉवर सरासरीसाठी बांधत नाहीत, गर्दीच्या तासासाठी बांधतात. त्या एका तासात दिवसाची सुमारे नऊ टक्के बोलणी होतात असं धरलं तर जवळजवळ १,५०० मिनिटं होतात. १,५०० ला ६० नं भागलं की २५. म्हणजे त्या तासात सरासरी २५ वाटा सतत व्यापलेल्या असतात. या एककाला एर्लांग म्हणतात. आग्नर क्रारुप एर्लांग हे डेन्मार्कचे गणिती. काही वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं आणि १९०८ साली ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेले. १९१७ साली त्यांनी मांडलेलं सूत्र आजही प्रत्येक प्रारूपात असतं.

२५ एर्लांगसाठी २५ वाटा पुरतील का? नाही. कॉल रांगेत शिस्तीनं येत नाहीत. कधी एकदम चाळीस येतात, कधी दहाच. मधल्या सुट्टीत शाळेतल्या नळांवर काय होतं ते आठवा. शंभरातले दोनच कॉल लागू नयेत, एवढी सूट ठेवली तर एर्लांगच्या सूत्रानुसार ३४ वाटा लागतात. आता जंगलालगतचा टॉवर घ्या. त्याच्यावर एक दशांश, म्हणजे वर्षाला ६ लाख मिनिटं. गर्दीच्या तासात २.५ एर्लांग. मग वाटाही एक दशांश, म्हणजे तीन-चार लागतील? नाही, ७ लागतात. रहदारी दसपट वाढली तरी वाटा पाचपटही वाढत नाहीत. लहान टॉवरच्या वाटा बराच काळ रिकाम्या राहतात, मोठ्या टॉवरच्या सतत कामात असतात. खेड्यातला कॉल महाग पडतो तो कुणाच्या गैरव्यवस्थेमुळेच पडतो असं नाही. ती संभाव्यतेच्या गणिताचीही करणी आहे. वरच्या वर्गांत संभाव्यता शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावं.

यानंतर यंत्रांच्या किमतीचा वार्षिक हप्ता काढायचा. १० लाखांची यंत्रं १० वर्षं टिकतात आणि त्यात गुंतवलेल्या पैशाला १० टक्के परतावा हवा, तर वर्षाचा हप्ता सुमारे १ लाख ६३ हजार येतो. परतावा १५ टक्के धरला तर सुमारे १ लाख ९९ हजार. एका आकड्यानं ३६ हजारांचा फरक! कंपन्या आणि नियामक यांची निम्मी भांडणं या एका टक्केवारीवरून होतात असं म्हटलं तरी चालेल.

या हप्त्यात वीज, डिझेल, भाडं, देखभाल मिळवून शहरातल्या टॉवरचा वर्षाचा खर्च ६ लाख रुपये आला असं समजा. जंगलातल्या टॉवरला यंत्रं कमी लागतात, पण डिझेल आणि वाहतूक जास्त. त्याचाही खर्च ६ लाखच धरू. शहरात मिनिटाला १० पैसे पडले, जंगलात १ रुपया. पण दर संपूर्ण देशाला एकच लावायचा असतो. शहरातले नऊ टॉवर आणि जंगलातला एक मिळून ६० लाख रुपये आणि ५४६ लाख मिनिटं, म्हणजे मिनिटाला ११ पैसे. जंगलातला महाग टॉवर सरासरीत जवळजवळ दिसेनासा होतो.

इथपर्यंत फारसा वाद नाही. खरा वाद पुढच्या पायरीवर आहे. दुसऱ्या कंपनीच्या कॉलमागे नेमका कोणता खर्च मोजायचा?

गोंदियातली एखादी भातगिरणी डोळ्यांसमोर आणा. गिरणी स्वतःचा धान भरडते आणि शेजाऱ्याचाही भरडून देते. शेजाऱ्याकडून भरडाई किती घ्यावी? एक उत्तर असं की इमारत, यंत्रं, मुनीमाचा पगार, वीज असा सगळा खर्च क्विंटलमागे वाटून द्यावा. दुसरं उत्तर असं की गिरणी तर उभीच होती. शेजाऱ्याच्या धानामुळे जादा लागलेली वीज, मजुरी आणि झीज तेवढी घ्यावी. पहिली पद्धत सरासरी खर्चाची, दुसरी वाढीव खर्चाची.

आपल्या टॉवरवर दोन्ही लावून पाहू. शहरातल्या ६० लाख मिनिटांपैकी १५ लाख दुसऱ्या कंपन्यांकडून आली. सरासरी पद्धतीनं दर मिनिटाला १० पैसे. आता वाढीव पद्धत. ही १५ लाख मिनिटं आलीच नसती तर? रहदारी २५ वरून पावणेएकोणीस एर्लांगवर आली असती आणि ३४ ऐवजी २७ वाटा पुरल्या असत्या. मनोरा तोच, भाडं तेच. एका वाटेचा वार्षिक खर्च ३,००० रुपये धरला तर सात वाटांचे २१,००० रुपये वाचले असते. त्याला १५ लाख मिनिटांनी भागा. १.४ पैसे! जंगलातल्या टॉवरवर सातऐवजी सहा वाटा पुरल्या असत्या. ३,००० रुपयांना दीड लाख मिनिटांनी भागलं की २ पैसे. जो टॉवर मघाशी रुपयाचा होता तो दोन पैशांवर आला. खर्च एक रुपयानंही कमी झालेला नाही. तो फक्त या हिशेबातून बाहेर गेला.

ट्रायच्या दरांचा प्रवास आता समजायला सोपा जाईल. २००३ च्या विनियमांनी मिनिटाला ३० पैसे असा सरसकट दर आणला. २००९ साली तो २० पैसे झाला. २०१५ आणि २०१७ च्या निर्धारणांत वाढीव खर्चाचं प्रारूप वापरलं गेलं. दर आधी १४ आणि मग ६ पैसे झाला. यंत्रं स्वस्त झाली होती, बोलणंही आता डेटाच्या पुडक्यांतून जाऊ लागलं होतं, हे खरंच. पण घसरणीत प्रारूपाच्या निवडीचा वाटा मोठा होता. ६ पैशांचा दर १ जानेवारी २०२० ला शून्य व्हायचा होता. तो एक वर्ष पुढे ढकलला गेला आणि १ जानेवारी २०२१ पासून देशांतर्गत कॉलसाठी शून्य झाला. प्रत्येक टप्प्यावर तक्रारी झाल्या, कंपन्या न्यायालयात गेल्या.

वाढीव पद्धतीच्या बाजूनं एक भक्कम युक्तिवाद आहे. नव्या कंपनीचे ग्राहक थोडे, म्हणून त्यांचे बहुतेक कॉल जुन्या कंपन्यांकडे जातात. दर जास्त असेल तर नवी कंपनी प्रत्येक कॉलमागे प्रतिस्पर्ध्याला पोसते. युरोपीय आयोगानंही २००९ साली शुद्ध वाढीव खर्चाचीच शिफारस केली होती. २०१६ साली बाजारात आलेल्या जिओनं ऑक्टोबर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपन्यांकडे जाणाऱ्या कॉलवर ग्राहकांकडून मिनिटाला ६ पैसे घ्यायला सुरुवात केली, ती याच दराकडे बोट दाखवून.

दुसरी बाजू दरेकशासारख्या गावांची. मिस्ड कॉल देऊन समोरच्याच्या फोनची वाट पाहणारा ग्राहक आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तो स्वतः खर्च करत नसे, पण त्याला येणाऱ्या प्रत्येक मिनिटामागे त्याच्या कंपनीला टर्मिनेशन चार्ज मिळे. दर उतरत गेला तसा हा ग्राहक कंपनीला परवडेनासा झाला. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट आणली, तेव्हा फक्त फोन घेणाऱ्यांनाही पैसे मोजावे लागले. या अटीला इतरही कारणं होती, दरयुद्धानं आटलेलं उत्पन्न हे मुख्य. तरी टॉवरचे जे सहा लाख एका हिशेबातून बाहेर पडले ते कुठे तरी उतरणारच होते, आणि त्यातले काही इथे उतरले, असं आम्हाला वाटतं.

उरलेल्यांसाठी वाट आहे ती सार्वजनिक निधीची. आधी २००३ ते २००८ या काळात तोट्यातल्या स्थिर दूरध्वनीसाठी कॉलच्या दरावरच एक अधिभार होता. २००२ साली सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. कंपन्यांच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा त्यात जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. दुर्गम भागातल्या सेवेसाठी या निधीतून अनुदान देताना अनेकदा निविदा मागवतात आणि जी कंपनी सर्वांत कमी मागेल तिला काम देतात. ते कमी म्हणजे किती याचा अंदाज घ्यायला पुन्हा एक काल्पनिक टॉवर कागदावर उभारावा लागतो. त्याचा वर्षाचा खर्च मांडायचा, त्यातून त्या गावात मिळू शकणारं उत्पन्न वजा करायचं. फरक एवढाच की या हिशेबात मनोरा, भाडं आणि डिझेल पुरतं धरलेलं असतं.