खुराखालची माती

इंजिनीअर असताना मातीच्या धरणांवर शीपफूट रोलर चालताना मी पुष्कळ पाहिला. त्याच्या ड्रमला मेंढीच्या पायासारखे खुंट असतात. ओलसर मातीचा थर ते असा दाबतात की त्यातून पाणी झिरपू नये. खानापूरच्या जंगलात गुरांच्या वाटेनं जाताना मला तोच रोलर आठवतो.

हिशोब साधा आहे. ४०० किलोची म्हैस चार खुरांवर, म्हणजे साधारण ३०० चौरस सेंटिमीटरवर उभी असते. दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोहून जास्त भार. चालताना दोनच पाय टेकलेले असले तर दुप्पट. त्यात पावसाळ्यात माती ओली, म्हणून ती जास्त दबते. मातीतली पोकळी गेली की मुळांना हवा मिळत नाही, आणि पाणी मुरायचं सोडून पालापाचोळा, वरची सुपीक माती घेऊन ओढ्याला लागतं. याच तालुक्यात, कणकुंबीला, मलप्रभा उगम पावते. शेणाचं खत मिळतं खरं, पण ते बहुतेक गुरं बसतात तिथंच साचतं.

मग दोष गवळी धनगरांचा? मला तसं वाटत नाही. कळप फिरता असला की जमिनीला सावरायला उसंत मिळते. १८७८ च्या वन कायद्यानं राखीव जंगलात परवानगीशिवाय गुरं चारणं गुन्हा ठरलं. रानं बंद झाली की उरलेल्या कुरणांवर गर्दी होणारच.

म्हणून जुन्या गवळीवाड्यांची माहिती घेताना गुरं किती होती एवढंच विचारू नका. पावसाळ्यात ती कुठं असायची, हेही विचारा.