आरोपी मोटार, बोली एक डॉलर

मागच्या चाकात हवा नाही, दांडीवर ओरखडे, सीट फाटलेली. बोली एक डॉलरपासून. अमेरिकी पोलिसांच्या लिलावात सायकलींचे वर्णन साधारण या थाटाचे असते, आणि सायकली तिथे ढिगाने असतात. चोर सापडतो, माल सापडतो, पण मालकाने सायकलीचा नंबर कुठे लिहून ठेवलेला नसतो. मुदत संपली की बेवारस माल विक्रीला निघतो. पूर्वी हा बाजार अधूनमधून ठाण्याच्या आवारात भरे. १९९९ मध्ये पोलीस खात्यात काम केलेल्या मंडळींनी ‘प्रॉपर्टीरूम’ ही कंपनी काढली आणि बाजार इंटरनेटवर नेला. आता गावोगावची पोलीस खाती घड्याळे, गिटारी, ड्रिल मशीन तिच्या हवाली करून मोकळी होतात आणि विक्रीतला वाटा घेतात. ठाण्याच्या आवारात मुद्देमालाच्या दुचाकींमधून गवत उगवलेले पाहत आलेल्या मराठी माणसाला या उरकाचे कौतुक वाटणारच.

मोटार घेणाऱ्याने मात्र जपून राहावे. गाडी ‘आहे त्या स्थितीत’ मिळते. बहुतेक ठिकाणी चालवून पाहता येत नाही, किल्ली असेलच असे नाही, आणि बोलीच्या रकमेवर लिलाववाल्याचे कमिशन वेगळे. स्वस्ताई बरीचशी तिथेच जिरते.

बड्या गुन्हेगारांचा माल विकते ती केंद्र सरकारची यूएस मार्शल्स सर्व्हिस. गुंतवणूकदारांना अब्जावधी डॉलरना बुडवणाऱ्या बर्नी मेडॉफच्या घरातली चीजवस्तू २००९ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाली. पाठीवर त्याचे आडनाव असलेले मेट्स या बेसबॉल संघाचे निळे जाकीट होते. अंदाज पाच-सातशे डॉलरचा, गेले १४,५०० ला. टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या टेड काझिन्स्कीचा टाइपरायटर २०११ मध्ये २२,००० डॉलरवर गेला. अशा वस्तू हौसेने घरात मांडणाऱ्यांच्या रुचीविषयी काय बोलावे! पण दोन्ही वेळी पैसा गेला पीडितांकडे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती तिसऱ्या वाटेने येणाऱ्या मालाबद्दल. अमेरिकेत माणसावर खटला न भरताही त्याची वस्तू सरकारजमा करता येते. अशा दिवाणी दाव्यात प्रतिवादी असते ती वस्तूच. ‘अमेरिका विरुद्ध अंदाजे ६४,६९५ पौंड शार्कचे पर’ या नावाचा खटला खरोखर चालला आहे. याचे मूळ जुन्या सागरी कायद्यात. जहाजाचा मालक साता समुद्रापार, हाती लागणार नाही. तेव्हा दावा जहाजावरच ठोकायचा. मोटारीचा मालक चार गल्ल्यांपलीकडे राहत असला तरी तर्क तोच लागू पडतो. एका बाईंचा नवरा डेट्रॉइटच्या रस्त्यावर नवराबायकोच्या सामाईक जुन्या पाँटिॲकमध्ये वेश्येबरोबर पकडला गेला. गाडी जप्त झाली. बाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते, तरी १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा अर्ध्या वाट्याचा हक्कही नाकारला. गाडी घेतली होती अवघ्या ६०० डॉलरना.

या हत्याराला धार आली १९८४ च्या कायद्याने. स्थानिक पोलिसांनी जप्ती केंद्राच्या कायद्याखाली बसवली, तर विक्रीतला ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा त्यांच्याच खात्याला परत मिळू लागला. जो जप्ती करतो त्याचेच बजेट त्यातून भरते, ही व्यवस्था कोणत्याही देशात संशयास्पदच ठरावी. न्यू मेक्सिको राज्याने २०१५ मध्ये ती मोडली: आधी गुन्हा सिद्ध व्हावा, मग जप्ती, आणि पैसा राज्याच्या तिजोरीत. बहुतेक राज्ये अजून तिथवर आलेली नाहीत.

कोर्टाचा सूर थोडा बदलला तो इंडियानातल्या एका लँड रोव्हरमुळे. टायसन टिंब्ज याने वडिलांच्या विम्याच्या पैशातून ती सुमारे ४२,००० डॉलरना घेतली होती. त्याने साध्या वेशातल्या पोलिसांना काहीशे डॉलरचे हेरॉइन विकले आणि २०१३ मध्ये गाडी गेली. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड होता १०,००० डॉलर. गाडी त्याच्या चौपटीहून महाग. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितले की अवाजवी दंडाला असलेली राज्यघटनेची मनाई राज्यांनाही लागू आहे. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे. म्हणून गाडी लगेच मिळाली असे नाही. प्रकरण पुन्हा इंडियानात फिरत राहिले आणि मे २०२० मध्ये ती मालकाच्या ताब्यात आली. त्यानंतरही राज्य सरकारने अपील सोडले नाही. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही फेटाळले.